प्रॉक्समॉक्सचा बॅकअप घेताय, पण सर्व्हरचा सातबारा कुठाय?

फोन बदलला की आपण काय करतो? नव्या फोनवर जुनाच नंबर टाकून व्हॉट्सअ‍ॅप चालू करतो. ‘बॅकअप सापडला, रिस्टोअर करायचा का’ असं विचारलं की हो म्हणतो आणि चहा प्यायला जातो. चॅट येतात, फोटो येतात. मग पुढचे दोन दिवस बँकेचं अ‍ॅप पुन्हा रजिस्टर कर, कुठल्या ग्रुपचा आवाज बंद होता ते आठव, यात जातात. डेटा आला, पण फोनची बसलेली घडी काही आली नाही.

घरात स्वतःचा छोटा सर्व्हर चालवणाऱ्यांचं नेमकं इथेच फसतं. रोज रात्री बॅकअप होतो, खरंच होतो. पण ज्या मशीनवर हे सगळं चाललंय, त्या मशीनची स्वतःची सेटिंग्ज त्या बॅकअपमध्ये नसतात. ती कुठे असतात, कशी जपायची आणि मशीन मेलं तर परत कशी बसवायची, ते आज बघू.

घरात सर्व्हर कशाला?

१ जून २०२१ पासून गूगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. घरातल्या एका लग्नाचे व्हिडिओ टाकले की संपलं. महिन्याला पैसे भरायचे नसतील तर दुसरा रस्ता म्हणजे ऑफिसातून निघालेला सेकंडहँड मिनी पीसी किंवा जुना लॅपटॉप घ्यायचा, त्यावर प्रॉक्समॉक्स टाकायचं आणि त्यात ‘इमिच’सारखं फोटो अ‍ॅप चालवायचं. फोनमधले फोटो घरच्या वायफायवर आले की आपोआप त्यात जातात. चेहरे ओळखणं, अल्बम, तारखेने शोधणं, सगळं होतं.

प्रॉक्समॉक्स ही व्हिएन्नाच्या एका कंपनीची, डेबियन लिनक्सवर उभी असलेली सिस्टीम आहे. २००८ मध्ये आली. वापरायला फुकट. एका मशीनमध्ये अनेक वेगळे कॉम्प्युटर चालवणं हे तिचं काम. जुन्या वाड्यासारखं समजा. वाडा एक, बिऱ्हाडं अनेक, प्रत्येकाची चूल वेगळी. पूर्ण वेगळं घर थाटलेलं बिऱ्हाड म्हणजे व्हर्च्युअल मशीन. वाड्याचंच पाणी-वीज वापरून हलक्यात राहणारं बिऱ्हाड म्हणजे कंटेनर. हे सगळं तुम्ही फोनच्या ब्राउझरवरून बघू शकता: सर्व्हरचा आयपी पत्ता, पुढे कोलन आणि ८००६. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ९ व्या आवृत्तीत तर मोबाइलसाठीचं पान नव्याने बनवलंय.

बॅकअपसाठी प्रॉक्समॉक्समध्ये ‘व्हीझेडडम्प’ नावाचं साधन आतच असतं. वेळ लावून दिली की ते प्रत्येक बिऱ्हाडाचं सामान एका दाबलेल्या फाइलमध्ये बांधून ठेवतं. गंमत अशी की ते बांधतं फक्त बिऱ्हाडं. वाड्याचा नकाशा, पाण्याची लाइन, कुठल्या दाराला कुठली किल्ली, यातलं काहीही त्यात नसतं.

कपिलधारला काय झालं

बीडहून मांजरसुंब्याकडे आलं की बालाघाटच्या डोंगरात कपिलधार लागतं. मन्मथस्वामींची संजीवन समाधी, पावसाळ्यात धबधबा, आणि कार्तिकी पौर्णिमेला यात्रा. महाराष्ट्राबरोबर कर्नाटक, तेलंगणातूनही दिंड्या येतात. माझा मावसभाऊ तिथे यात्रेत फोटो काढतो आणि लगेच प्रिंट देतो. वर्षभर आजूबाजूच्या गावांतली लग्नं, बारशी. दिंडीतली माणसं वर्षाने परत येऊन ‘गेल्या साली आमच्या म्हाताऱ्याचा काढला होता, तो द्या’ म्हणतात. कधीकधी तो म्हातारा यंदा दिंडीत नसतो. म्हणून जुने फोटो पुसायचे नाहीत हा त्याचा धंद्यातला नियमच आहे.

त्याच्याकडे ८ जीबी रॅमचा मिनी पीसी आहे. आतल्या छोट्या एसएसडीवर प्रॉक्समॉक्स, बाहेरून यूएसबीने लावलेली २ टीबीची डिस्क. फोटो अ‍ॅपचा एक कंटेनर, प्रिंटिंगच्या लॅपटॉपला फाइली देणारा दुसरा, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर असलेलं एक व्हर्च्युअल मशीन. रोज रात्री २ वाजता तिघांचा बॅकअप यूएसबी डिस्कवर. बघायला गेलं तर शहाणी मांडणी.

यात्रेच्या आठवडाभर आधी फोन आला. “दादा, डब्बा चालूच होईना गेलाय.” एसएसडी मेली होती. बीडवरून नवी आणली, प्रॉक्समॉक्स नव्याने टाकलं. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पान उघडलं तर डावीकडची यादी रिकामी. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “फोटो गेले का रे?”

फोटो गेले नव्हते. बॅकअपच्या फाइलीही जागेवर होत्या. पण नव्या प्रॉक्समॉक्सला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. शेतात ऊस उभा आहे, विहिरीला पाणी आहे, पण सातबारा हरवलाय, अशी अवस्था. यूएसबी डिस्क कुठल्या फोल्डरला जोडली होती? सर्व्हरचा पत्ता काय होता? कंटेनरला फोटोंचं फोल्डर कुठल्या वाटेने दिलं होतं? रात्री २ चा बॅकअप ज्या वेळापत्रकात लिहिला होता, ते वेळापत्रकसुद्धा मेलेल्या एसएसडीवरच होतं.

तिन्ही बिऱ्हाडं रिस्टोअर व्हायला तासाभराच्या आत वेळ लागला. बाकी सगळी संध्याकाळ आठवण्यात गेली. त्यातला एक दिलासा इथे सांगतो, तुम्हालाही उपयोगी पडेल: बॅकअपच्या यादीत एखादी फाइल निवडली की ‘शो कॉन्फिगरेशन’ असं बटण दिसतं. रिस्टोअर न करताच त्या कंटेनरची सेटिंग्ज वाचता येतात. फोटोंचं फोल्डर कुठे जोडलं होतं तो पाथ आम्हाला तिथे सापडला.

मग ही सेटिंग्ज असतात कुठे?

(पाथ आणि नावं मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती इंग्रजीत लहान अक्षरांत टाकायची.)

मुख्य जागा ‘/ईटीसी/पीव्हीई’. यात प्रत्येक बिऱ्हाडाची एक छोटी मजकुराची फाइल असते, उदाहरणार्थ ‘१०१.कॉन्फ’: किती रॅम, किती कोर, कुठली डिस्क, नेटवर्कचा पत्ता. ‘स्टोरेज.सीएफजी’मध्ये कुठल्या जागी काय ठेवायचं ते, ‘जॉब्स.सीएफजी’मध्ये बॅकअपचं वेळापत्रक, ‘यूजर.सीएफजी’मध्ये माणसं आणि त्यांचे अधिकार.

पण हे फोल्डर फसवं आहे. ते डिस्कवरचं खरं फोल्डर नाही. ‘/व्हर/लिब/पीव्हीई-क्लस्टर’ इथे ‘कॉन्फिग.डीबी’ नावाची एक एसक्यूलाइट फाइल असते आणि प्रॉक्समॉक्स चालू असताना तिच्यातला मजकूर खिडकीतून दाखवावा तसा ‘/ईटीसी/पीव्हीई’मध्ये दाखवतं. म्हणून मशीन बंद पडल्यावर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली आणि ‘/ईटीसी/पीव्हीई’ उघडलं, तर आत शुकशुकाट असतो. घाबरायचं नाही, ‘कॉन्फिग.डीबी’ शोधायची. एसएसडी वाचता येत असेल तर सगळं तिच्यात आहे.

याच्या बाहेरही काही गोष्टी असतात. ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’मध्ये नेटवर्क, ‘/ईटीसी/होस्ट्स’ आणि ‘/ईटीसी/होस्टनेम’मध्ये सर्व्हरचं नाव-गाव, ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची ते. कंटेनरसाठी यूजर नंबरांची खास जुळवाजुळव केली असेल तर ‘सबयूआयडी’ आणि ‘सबजीआयडी’ या दोन फाइली. शिवाय ‘/रूट’मध्ये तुम्ही लिहिलेल्या स्क्रिप्ट.

हे सगळं दाबून एकत्र केलं तर साधारण काही एमबी होतं. तुमच्या फोनने काढलेल्या दोन-चार फोटोंएवढं. दोन टीबीचा बॅकअप रोज घेणारा माणूस या चार फोटोंएवढ्या फाइलीसाठी अडतो, हे मला फार खटकतं. प्रॉक्समॉक्सनेच हे एका बटणावर द्यायला हवं होतं असं माझं मत आहे.

बॅकअप घ्यायचा कसा

वेब पानावर सर्व्हरचं नाव निवडलं की ‘शेल’ उघडता येतं. तिथून ‘टार’ कमांडने पूर्ण ‘/ईटीसी’ आणि ‘/रूट’ यांची एक गठडी बांधायची. सर्व्हर चालू असल्यामुळे ‘/ईटीसी/पीव्हीई’ही त्यात वाचता येण्यासारखं येतं. ‘कॉन्फिग.डीबी’ मात्र नुसती कॉपी करू नका. चालू डेटाबेसमधले ताजे बदल काही वेळा शेजारच्या ‘वॉल’ फाइलमध्ये असतात आणि नुसत्या कॉपीत ते सुटतात. ‘एसक्यूलाइट३’ हे साधन टाकून त्याची ‘.बॅकअप’ कमांड वापरली की व्यवस्थित प्रत मिळते. जोडीला ‘पीव्हीईरिपोर्ट’ कमांड चालवून तिचा मजकूर एका फाइलमध्ये ठेवा. तो रिस्टोअरला वापरायचा नसतो, पण संपूर्ण सर्व्हरचं वर्णन त्यात असतं आणि अडल्यावेळी वाचायला सोन्यासारखा.

या तीन ओळींची स्क्रिप्ट करून ‘क्रॉन’मध्ये टाकली की आठवड्याला आपोआप होईल. सेटिंग्ज रोज बदलत नाहीत. पण नवा कंटेनर केला किंवा डिस्क लावली, की त्या दिवशी हाताने एकदा चालवा.

आता ही गठडी ठेवायची कुठे? त्याच मशीनवर ठेवली तर तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवल्यासारखं होईल. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने सांगितलेला ३-२-१ नियम तुम्ही ऐकला असेल: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. दोन टीबी फोटोंना तो पाळणं खर्चिक आहे. काही एमबीच्या फाइलीला मात्र फुकटात पाळता येतो. एक प्रत यूएसबी डिस्कवर, एक तुमच्या फोनमध्ये, एक ड्राइव्हवर. अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’ असेल तर ‘एससीपी’ने थेट फोनमध्ये ओढता येते.

फक्त एक ध्यानात ठेवा. या गठडीत तुमच्या सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या आणि पासवर्डचे हॅश असतात. म्हणून बाहेर पाठवण्याआधी ‘जीपीजी’ने पासवर्ड लावून कुलूपबंद करा. उघडी गठडी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवण्याची सवय इथे नको. आणि तो पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, कारण पासवर्ड मॅनेजर जर त्याच सर्व्हरवर चालत असेल तर झालं कल्याण! ज्यांनी पुढे जाऊन ‘प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर’ लावलाय आणि एन्क्रिप्शन चालू केलंय, त्यांची किल्लीही ‘/ईटीसी/पीव्हीई’च्याच आत असते. ती गेली की बॅकअप असून नसल्यासारखा. व्हॉट्सअ‍ॅपच्या एन्क्रिप्टेड बॅकअपची ६४ अंकी की हरवल्यावर जे होतं, तेच.

फोटोंचं काय? ते तर बॅकअपमध्ये नव्हतेच

मावसभावाच्या घरी मला सगळ्यात जास्त धडकी या गोष्टीने भरली. फोटो अ‍ॅपच्या कंटेनरला यूएसबी डिस्कवरचं फोल्डर ‘बाइंड माउंट’ने दिलेलं होतं. म्हणजे वाड्याच्या अंगणातली खोली बिऱ्हाडाला वापरायला दिली, पण ती बिऱ्हाडाच्या मालकीची नाही. व्हीझेडडम्प अशा खोलीला हात लावत नाही. कंटेनरच्या बॅकअपमध्ये अल्बम, चेहरे, नावं असलेला डेटाबेस येतो. मूळ फोटो येत नाहीत.

एसएसडी मेली म्हणून निभावलं. त्याऐवजी यूएसबी डिस्क मेली असती तर फोटो आणि बॅकअप एकदम गेले असते, कारण दोन्ही तिच्यावरच होते. आता त्याने दुसरी डिस्क घेतली आहे. दर रविवारी तिच्यावर फोटो कॉपी होतात आणि मग ती काढून मामाच्या घरी जाते. कंटेनरला फोल्डर न देता प्रॉक्समॉक्सच्याच साठ्यातून जादा डिस्क जोडली असेल, तरी तीसुद्धा मुळात बॅकअपमधून वगळलेलीच असते. तिच्या सेटिंगमध्ये ‘बॅकअप’वर टिक करावी लागते. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचं उलटं आहे, त्या आपोआप येतात. हा फरक का ठेवला असेल ते असो, पण आजच जाऊन बघा.

परत बसवताना

सगळ्यात सोपी वेळ म्हणजे मशीन तेच आहे, फक्त डिस्क बदलली. प्रॉक्समॉक्सची तीच आवृत्ती टाका आणि सर्व्हरला तेच जुनं नाव द्या. नाव का महत्त्वाचं? कारण आतल्या फाइली ‘नोड्स’ फोल्डरमध्ये सर्व्हरच्या नावाखाली ठेवलेल्या असतात. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप जसा जुन्या नंबरलाच ओळखतो, तसं. नवं नाव दिलं तर जुनी बिऱ्हाडं एका बंद पडलेल्या सर्व्हरच्या नावाखाली दिसत राहतात. मग ‘पीव्हीई-क्लस्टर’ ही सेवा थांबवायची, जपून ठेवलेली ‘कॉन्फिग.डीबी’ तिच्या जागी ठेवायची, परवानगी ६०० करायची, ‘होस्ट्स’ आणि ‘होस्टनेम’ जुन्यासारखे आहेत ना ते बघायचं आणि रीबूट. यादी परत दिसते. ज्यांच्या डिस्क मेलेल्या एसएसडीवर होत्या ती बिऱ्हाडं व्हीझेडडम्पच्या फाइलींमधून त्याच नंबरवर रिस्टोअर करायची.

मशीन वेगळं असेल किंवा आवृत्ती पुढची असेल (८ वी आवृत्ती डेबियन १२ वर होती, ९ वी डेबियन १३ वर आहे), तर मी डेटाबेस उचलून टाकत नाही. गठडी उघडून बाजूला ठेवतो आणि एकेक फाइल वाचून हवं तेवढंच घेतो. जुनं अख्खं ‘/ईटीसी’ नव्यावर ओतणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा ओढून घालणं. कुठेतरी फाटणारच.

क्रम असा ठेवा: आधी नेटवर्क, मग डिस्क, मग साठ्याची नोंद, शेवटी बिऱ्हाडं.

नेटवर्कला पहिल्यांदा हमखास अडतं. नव्या मशीनवर, कधीकधी नुसतं एखादं कार्ड वाढवल्यावरही, नेटवर्क पोर्टचं नाव बदलतं. जुन्या फाइलीत ‘व्हीएमबीआर०’ हा पूल जुन्याच पोर्टला बांधलेला असतो. मग फोनवरून ८००६ उघडतच नाही आणि वाटतं रिस्टोअर फसलं. टीव्हीला एचडीएमआय लावा, कीबोर्ड जोडा, ‘आयपी लिंक’ने नवं नाव बघा आणि ‘ब्रिज-पोर्ट्स’च्या ओळीत ते लिहा. मध्ये राउटर बदललाय का तेही आठवा. जिओफायबरच्या राउटरवर घरातले पत्ते १९२.१६८.२९ ने सुरू होतात, बऱ्याच इतर राउटरवर १९२.१६८.१ ने. सर्व्हरचा पत्ता पक्का लिहिलेला असतो, तो आपोआप बदलत नाही.

डिस्क जोडताना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा नावांवर जाऊ नका, ती बदलतात. यूयूआयडी वापरा. सोबत ‘नोफेल’ लिहा, म्हणजे यूएसबीची वायर सुटली असली तरी सर्व्हर चालू होईल. पण मग दुसरा धोका येतो. डिस्क जोडलेलीच नाही आणि फोल्डर मात्र आहे, तर रात्रीचा बॅकअप गुपचूप एसएसडीवरच पडतो आणि ती गच्च भरते. त्यासाठी त्या साठ्याच्या नोंदीत ‘इज_माउंटपॉइंट’ चालू करून ठेवा. डिस्क नसेल तर प्रॉक्समॉक्स तिथे लिहिणार नाही.

साठा जोडताना जुनाच पाथ द्या आणि प्रकारात ‘बॅकअप’ निवडा. आतल्या ‘डम्प’ फोल्डरमधल्या फाइली आपोआप यादीत येतात. त्यांची नावं बदलू नका. नंबर, तारीख, वेळ या नावावरूनच त्या ओळखल्या जातात. ‘यात्रा-बॅकअप-फायनल’ असं सुटसुटीत नाव दिलंत तर यादीतून गायब.

एकदा रिस्टोअर करून बघाच

मशीन चालू असतानाच हे करता येतं. एक छोटा कंटेनर निवडा, त्याचा कालचा बॅकअप घ्या आणि रिस्टोअर करताना नवा नंबर द्या, समजा ९०१. ‘युनिक’वर टिक करा म्हणजे नेटवर्कचा मॅक पत्ता वेगळा मिळेल. ‘स्टार्ट आफ्टर रिस्टोअर’ बंदच ठेवा. कंटेनरला पक्का आयपी दिला असेल तर तो आधी बदला, नाहीतर एका पत्त्यावर दोघं भांडतील. आणि बाइंड माउंटची ओळ असेल तर ती काढून टाका, कारण ती थेट खऱ्या फोटोंच्या फोल्डरकडे जाते आणि चाचणीतला कंटेनर तिथे लिहू, पुसू शकतो. मग चालू करा, आत लॉगिन होतंय का बघा, अल्बमची नावं दिसतात का बघा. फोटो उघडणार नाहीत, ते बरोबरच आहे. तपासून झालं की ९०१ थांबवून काढून टाका, नाहीतर ‘सगळ्यांचा बॅकअप’ अशी सेटिंग असेल तर रात्री २ वाजता त्याचाही बॅकअप व्हायला लागेल.